डॉ. जॉन लँग्डन डाउन : उन्हाळ्यातले मूल, हिवाळ्यातले मूल

१८४६ सालच्या उन्हाळ्यातील ही हकीकत आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील एक कुटुंब सहलीसाठी बाहेर पडले होते. वाटेत मुसळधार पावसाने गाठल्यामुळे त्यांनी जवळच्या एका खेडवळ घरात आसरा घेतला. तेथे एक मुलगी पाहुण्यांची उठबस करीत होती. ती मंदबुद्धीची आहे, हे कोणाच्याही सहज ध्यानात यावे अशी तिची अवस्था होती. पाऊस थांबला, मंडळी आपल्या वाटेला लागली. परंतु त्यांच्यातील एका तरुणाला, ज्याला नुकतेच अठरावे वर्ष लागले होते, ती मुलगी काही केल्या विसरता येईना. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही काय, हा एकच विचार घेऊन तो घरी परतला. पुढे नावारूपाला आल्यावर त्याने स्वतःच ही आठवण सांगितली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

त्या तरुणाचे नाव जॉन लँग्डन डाउन. ज्या जन्मजात स्थितीला आज सारे जग डाउन सिंड्रोम म्हणून ओळखते, तिला या गृहस्थांचे नाव मिळाले आहे. डाउन म्हणजे खाली, अर्थात बुद्धीने खालचा, म्हणून हे नाव पडले असावे असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. तसे मुळीच नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे आणि त्या माणसाचे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे. विशेषतः आज, जेव्हा ही मुले मुले न राहता पन्नाशी-साठी गाठू लागली आहेत आणि त्यांच्या उतारवयाचा प्रश्न घरोघरी उभा राहू लागला आहे.

जॉन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८२८ रोजी टॉरपॉइंट या गावी झाला. प्लिमथच्या आरमारी बंदरासमोर, खाडीच्या पलीकडच्या तीरावर हे गाव वसलेले आहे. वडिलांचे दुकान होते. त्यात औषधेही मिळत आणि वाणसामानही. जॉन भावंडांत सर्वांत धाकटे. तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्या दुकानात बसू लागले. आसऱ्याच्या घरातील तो प्रसंग घडल्यानंतर लवकरच ते लंडनला गेले आणि व्हाइटचॅपल भागातील एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली राहिले. बाटल्या धुणे, औषधे खलणे, दात उपटणे, रोग्यांचे रक्त काढणे असली कामे त्यांच्या वाट्याला आली. पुढे औषधशास्त्र मंडळाच्या प्रयोगशाळेत त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. तेथे बुद्धीची चमक दिसू लागली न लागली तोच प्रकृती ढासळली आणि त्यांना गावी परतावे लागले. १८५३ मध्ये वडील वारले. वैद्य व्हायचे हे मनाशी धरलेले स्वप्न पुरे करण्यासाठी हे चोवीस वर्षांचे गृहस्थ आपल्याहून लहान मुलांच्या पंगतीत लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. उशिरा आलेल्या या विद्यार्थ्याने सुवर्णपदके मिळविली आणि १८५६ मध्ये तो वैद्य म्हणून बाहेर पडला.

अशा हुशार डॉक्टराने लंडनमध्ये नामांकित रुग्णालयात पाय रोवावेत, श्रीमंतांच्या घरी जाऊन दक्षिणा मिळवावी, ही त्या काळाची रीत. परंतु १८५८ मध्ये डॉ. डाउन यांनी सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या आश्रयगृहाच्या वैद्यकीय अधीक्षकाची जागा पत्करली. त्या काळी अशा संस्थेत जाणे म्हणजे वैद्यकीय जीवनाला पूर्णविराम देणे असेच समजले जाई.

या आश्रयगृहामागे एक पाळक होते, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेव्ह. अँड्र्यू रीड हे पूर्व लंडनमधील स्टेपनी येथील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. अनाथांसाठी, पितृहीन मुलांसाठी, असाध्य रोग्यांसाठी त्यांनी एकामागून एक संस्था काढल्या. अनाथालयात एका पंथाची प्रश्नोत्तरावली सक्तीची झाली, तेव्हा तेथून बाजूला होऊन त्यांनी सर्व पंथांच्या मुलांना खुली असलेली दुसरी संस्था उभारली. मतिमंदांसाठी इंग्लंडमध्ये तेव्हा जवळजवळ काहीच सोय नव्हती. अशी मुले घरी दाराआड राहत. गरिबाघरची असतील तर गरीबगृहात किंवा वेड्यांच्या इस्पितळात वाढत. रीड यांनी १८४७ मध्ये पुढाकार घेतला, देणग्या जमविल्या, आणि १८५५ मध्ये अर्ल्सवुडची भव्य इमारत उघडली. तिची कोनशिला व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी बसविली होती. इमारत मोठी झाली, पण आतला कारभार लवकरच विस्कटला. सरकारी तपासनिसांनी प्रतिकूल अभिप्राय दिले. अशा वेळी डॉ. डाउन तेथे आले.

त्यांनी प्रथम मारझोड व शिक्षा बंद केल्या. नोकरांनी रहिवाशांशी कसे वागावे याचे नियम घातले. जेवणाच्या टेबलावर काटे-सुऱ्या आल्या. ज्यांच्या हाती कधी कोणी चमचा दिला नव्हता ती मुले नीट बसून जेवू लागली. सुतारकाम, बागकाम, शिवणकाम, घोड्यावर बसणे, स्पष्ट उच्चारांचा सराव, नाणी मोजण्याचा व दुकानात देवघेव करण्याचा खेळ, असा तेथील दिनक्रम ठरला. जेम्स हेन्री पुलेन नावाचा एक रहिवासी तेथे होता. त्याला नीट बोलता येत नसे, लिहिता-वाचताही फारसे येत नसे. परंतु सुतारकामात त्याचा हात विलक्षण होता. ग्रेट ईस्टर्न या त्या काळच्या प्रचंड जहाजाची त्याने केलेली प्रतिकृती पाहायला माणसे दुरून येत. ज्याच्या एका अंगात उणीव आहे, त्याच्या दुसऱ्या अंगात असामान्य गुण असू शकतो, ही गोष्ट डॉ. डाउन यांनी वैद्यकशास्त्रात नोंदविली ती अशा माणसांना जवळून पाहूनच.

नोंद हा त्यांचा खरा छंद. त्या दिवसांत छायाचित्रण नवीन होते, खर्चाचे होते आणि वेळखाऊही होते. तरीही डॉ. डाउन यांनी अर्ल्सवुडच्या रहिवाशांची सुमारे दोनशे छायाचित्रे स्वतः काढली. डोक्याचा घेर, जिभेची ठेवण, टाळूची उंची, त्वचेचा पोत, बोलण्याची ढब, असे सारे ते मोजून-पाहून लिहून ठेवीत. १८६० मध्ये त्यांनी मेरी क्रेलिन यांच्याशी विवाह केला. या बाईंनी अर्ल्सवुडमध्ये कोणतेही वेतन न घेता पतीच्या कामाचा अर्धा भार उचलला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१८६६ मध्ये डॉ. डाउन यांचा एक छोटा निबंध लंडन हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला. तो जेमतेम चार-पाच पानांचा असेल. पण त्यामुळेच त्यांचे नाव इतिहासात राहिले, आणि त्यामुळेच त्यांच्या नावाला डागही लागला. मतिमंद मुलांपैकी काहींचे चेहरे परस्परांशी इतके मिळतेजुळते असतात की ती एकाच आईची लेकरे वाटावीत, हे त्यांनी बरोबर टिपले. ही अवस्था जन्मापासूनची असते, नंतरच्या अपघाताने येत नाही, हेही त्यांनी बरोबर सांगितले. पण या मुलांना नाव देताना त्यांनी मानववंशांच्या त्या काळच्या वर्गवारीचा आधार घेतला आणि त्यांना मंगोलियन म्हटले. युरोपियन आईबापांच्या पोटी आशियाई तोंडवळ्याचे मूल जन्मते याचा अर्थ त्यांनी असा लावला की, सर्व मानवजाती मुळात एकच आहेत, त्यांच्यामधील भिंती अभेद्य नाहीत. अमेरिकेत गुलामगिरीवरून झालेले यादवी युद्ध नुकतेच संपले होते. काळ्या माणसाला वेगळ्या योनीचा ठरवू पाहणाऱ्यांविरुद्ध हा एक पुरावा आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. हेतू चांगला, पण तुलना चुकीची! एका मुलाला एका अख्ख्या मानववंशाशी ताडून पाहण्याची ती चूक शंभर वर्षे जगाच्या मानगुटीवर बसली. मंगोल हा शब्द शाळेत शिवीसारखा वापरला गेला. शेवटी १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन वैद्यकीय नियतकालिकातून हे नाव टाकून देण्याची विनंती केली, त्यांत डॉ. डाउन यांचे नातू नॉर्मनही होते. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव सोडले.

हे सर्व पुष्कळ ठिकाणी लिहिले गेले आहे. त्याच निबंधातील दुसऱ्या एका निरीक्षणाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. या मुलांचे रक्ताभिसरण मंद असते, थंडी त्यांना मानवत नाही, असे सांगून डॉ. डाउन पुढे नोंद करतात की, उन्हाळ्यात त्यांची बुद्धी जी काही मजल मारते, तिच्यातून हिवाळ्यात ती थोडी मागे सरते. कारण पुरते बरोबर असो वा नसो. पण हे लिहिण्यासाठी डॉक्टरांना काय करावे लागले असेल याचा विचार करावा. तेच मूल उन्हाळ्यात पाहावे लागले, हिवाळ्यात पुन्हा पाहावे लागले, आणि दोन्ही वेळा त्याला काय येत होते हे लक्षात ठेवावे लागले. येथे त्यांनी त्या मुलाची तुलना कोणत्याही वंशाशी केली नाही, शेजारच्या शहाण्या मुलाशीही केली नाही. त्याची तुलना त्याच्याच उन्हाळ्याशी केली. एकाच निबंधात तुलनेच्या या दोन तऱ्हा आहेत. पहिलीने जगाला नाव दिले आणि ते पुसून टाकावे लागले. दुसरी मात्र आज, दीडशेहून अधिक वर्षांनंतर, डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचा स्मृतिभ्रंश ओळखण्याच्या मुळाशी येऊन बसली आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहायचे आहे.

अर्ल्सवुडमधील दिवस १८६८ मध्ये संपले. रहिवाशांनी केलेल्या वस्तू पॅरिसच्या प्रदर्शनात मांडण्याचा खर्च देण्यास कार्यकारी समितीने नकार दिला, हे निमित्त झाले. समितीशी त्यांचे इतरही मतभेद होतेच. डॉ. डाउन यांनी राजीनामा दिला आणि थेम्स नदीकाठी टेडिंग्टनजवळ एक घर घेऊन स्वतःची संस्था काढली. नॉर्मन विल्किन्सन या मित्राच्या नावावरून तिचे नाव नॉर्मन्सफील्ड ठेवले. प्रारंभी वीसदेखील मुले नव्हती. पुढे ती संख्या दीडशेच्या घरात गेली. संस्था सधनांच्या मुलांसाठी होती, हे लपविण्याचे कारण नाही. घराचा सारा व्यवहार मेरीबाई पाहत आणि मुलांच्या आईवडिलांशी पत्रव्यवहारही त्याच करीत. १८७९ मध्ये तेथे एक सुंदर नाट्यगृह उभे राहिले. तेथे काम करणाऱ्या सेवकांना गाणे, वाद्य, अभिनय यांपैकी काही तरी यावे अशी अपेक्षा असे. १८८७ मध्ये लंडनच्या वैद्यकीय मंडळापुढे त्यांनी व्याख्यानमाला दिली आणि बालमनाच्या विकारांवरील त्यांचे पुस्तक निघाले. स्त्रियांना उच्च शिक्षण दिल्यास त्यांची मुले मंदबुद्धी निपजतील असे म्हणणाऱ्यांना त्यांनी जाहीरपणे विरोध केला, हे त्या काळाच्या मानाने मोठे धाडस होते. घरात दुःखही होते. एक मुलगी बालपणीच गेली. थोरला मुलगा एव्हरली १८८३ मध्ये तरुणपणी अपघाती इजा होऊन दगावला. रेजिनाल्ड आणि पर्सिव्हल हे दोघे मुलगे डॉक्टर झाले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, डॉ. डाउन यांचा नॉर्मन्सफील्ड येथेच आकस्मिक मृत्यू झाला.

या मुलांना दीर्घ आयुष्य लाभत नाही, ती क्षयाला बळी पडतात, असे डॉ. डाउन यांनी १८६६ मध्येच लिहिले होते. जी थोडी जगली त्यांचे काय झाले, हे त्यांच्या हयातीतच दुसऱ्या कोणी पाहिले. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील जॉन फ्रेझर आणि आर्थर मिचेल या दोन डॉक्टरांनी एका रुग्णाच्या शवविच्छेदनाची हकीकत व ६२ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या रुग्णांपैकी काही जण वेळेआधी म्हातारे होतात, त्यांची शक्ती आतून झिजत जाते, असे त्यांना आढळले. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या प्रसिद्ध रुग्ण स्त्रीची हकीकत मांडली ती १९०६ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. जे दिसले होते त्याला तोपर्यंत नावच नव्हते.

पुढचे धागे हळूहळू जुळत गेले. १९२९ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या मेंदूत अल्झायमरच्या आजारात आढळणारे ठिपके दिसले. १९४८ मध्ये जॉर्ज जर्व्हिस या अमेरिकन डॉक्टरांनी अशा तीन व्यक्तींना उतारवयात खरोखरच स्मृतिभ्रंश झाला असल्याचे दाखविले. १९५९ मध्ये फ्रान्सच्या जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीचे मूळ सांगितले : एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असणे. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमरच्या मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन वेगळे काढले आणि डाउन सिंड्रोममध्येही तेच साचते असे दाखविले. १९८७ मध्ये त्या प्रथिनाचे जनुक नेमके एकविसाव्या गुणसूत्रावर सापडले. तीन प्रती, म्हणून प्रथिनही जन्मभर अधिक. १९९८ मध्ये एका ७८ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिला डाउन सिंड्रोम होता, पण गुणसूत्राचा जो तुकडा तिच्याकडे जादा होता त्यात हे एक जनुक नव्हते. आणि तिला स्मृतिभ्रंश झाला नव्हता. एवढ्या एका उदाहरणाने पुष्कळ शंका मिटल्या.

१९२९ च्या सुमारास या मुलांचे सरासरी आयुष्य ९ वर्षे मानले जाई. आज सधन देशांत ते साठीच्या आसपास पोहोचले आहे. जंतुनाशक औषधे आली, हृदयातील जन्मजात छिद्रे बुजविता येऊ लागली, आणि मुख्य म्हणजे मुले घरी, मायेत वाढू लागली. मात्र आयुष्याबरोबर हे दुसरे संकटही आले. चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत ते ठिपके दिसू लागतात. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश सरासरीने पन्नाशी ओलांडल्यावर ओळखला जातो आणि पुरेसे दीर्घ आयुष्य लाभलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना तो गाठतो. ठिपके आहेत म्हणजे आजार जडला असे नव्हे. एखाद्याला पंचेचाळिशीत जडतो, एखादा साठीतही टवटवीत असतो. म्हणून प्रत्येकाची पाहणी वेगळी.

ही पाहणी करायची कशी, येथे खरी अडचण आहे. सर्वसाधारण वृद्धाला डॉक्टर विचारतात की आज वार कोणता, आपण कोणत्या गावी आहोत, शंभरातून सात वजा केले तर किती. ज्या बाईने आयुष्यात कधी वजाबाकी केली नाही, तिला या प्रश्नाला शून्य गुण मिळतात. ते शून्य काल मिळाले असते आणि दहा वर्षांपूर्वीही मिळाले असते. त्यातून काही कळत नाही. याउलट, एखादा तरुणपणी वर्तमानपत्र वाचणारा, बसने एकटा कामावर जाणारा गृहस्थ निम्मे कौशल्य हरवून बसला तरी कसोटीत उत्तीर्ण होईल. दोघांना सारखे गुण मिळाले तरी एकाचे काहीच गेलेले नसेल आणि दुसऱ्याचे पुष्कळ गेलेले असेल. सामान्य माणसाच्या मापाने यांना मोजता येत नाही. यांचे माप म्हणजे यांचाच काल.

हे ध्यानात घेऊन गेल्या काही दशकांत खास डाउन सिंड्रोमसाठी कसोट्या तयार झाल्या. केंब्रिजमध्ये घडलेली कॅमडेक्स-डीएस ही त्यांतील एक. तिच्यात रुग्णाची परीक्षाही असते आणि त्याला ओळखणाऱ्या माणसाची सविस्तर मुलाखतही. शौमित्र देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ५३ प्रश्न आहेत, आणि तिची सुरुवात मोठी मार्मिक आहे. प्रथम विचारले जाते की, ही व्यक्ती आयुष्यात सर्वांत चांगल्या स्थितीत असताना तिला काय काय येत असे. मगच आजच्या बदलांविषयी विचारणा होते. प्रश्न रुग्णाला नव्हे, तर त्याला वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला घातलेले असतात. डॉ. डाउन यांची उन्हाळा-हिवाळ्याची नोंद येथे आठवल्यावाचून राहत नाही.

म्हणूनच ब्रिटनमधील तज्ज्ञांनी सुचविले आहे की, डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येकाची एक पाहणी तिशीपर्यंत, सर्व काही ठीक असतानाच, करून ठेवावी. चाळिशीनंतर ती दरवर्षी करावी, असे आता अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मोठे रुग्णालय जवळ नसेल तरी वही आणि पेन्सिल कोठेही मिळते. तो स्वतः आंघोळ करतो का, शर्टाची बटणे स्वतः लावतो का, चहा कसा करतो, कोणाकोणाची नावे त्याला येतात, उपासनेत कोणती गीते तो इतरांबरोबर म्हणतो, पायऱ्या कसा उतरतो, रात्री किती झोपतो, हे सारे तारीख घालून लिहून ठेवावे. मोबाइलवर पाच मिनिटांचे चित्रण घ्यावे. डॉ. डाउन यांना काचेच्या तबकड्या आणि रसायने घेऊन जे करावे लागे, ते आज हातातल्या हातात होते.

वाट कशी उतरत जाते, हेही कुटुंबाला ठाऊक असावे. सर्वसाधारण वृद्धांत विसर प्रथम दिसतो. येथे पुष्कळदा स्वभाव आधी बदलतो. हसतमुख मनुष्य गप्प होतो, हौसेने करीत असलेले काम अर्ध्यावर टाकतो, हट्ट करतो, नेहमीच्या क्रमात गोंधळतो. मग आठवण सुटत जाते. कौशल्ये बहुधा ज्या क्रमाने आली त्याच्या उलट क्रमाने निघून जातात. पुढे चाल अडखळते, मलमूत्रावरील ताबा जातो. चाळिशी-पन्नाशीत प्रथमच आकडी येणे हे लक्षण येथे बरेच आढळते. त्याकडे दुर्लक्ष करू नये. अखेरीस गिळणे अवघड होते आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका संभवतो. म्हणूनच पाहणी एकदा करून भागत नाही. आज कोणत्या पायरीवर आहे हे ठाऊक असेल, तरच जेवण मऊ केव्हा करायचे, रात्री सोबत केव्हा ठेवायची, हे वेळेवर ठरविता येते.

पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन चुका टाळणे. पहिली चूक, अशी माणसे अशीच असतात म्हणून बदलाकडे डोळेझाक करणे. दुसरी चूक तिच्या अगदी उलट : बदल दिसताच तो स्मृतिभ्रंशच समजून हात टेकणे. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचे प्रमाण फार आहे, आणि त्याने मनुष्य सुस्त व विसराळू होतो; एक गोळी रोज दिली की सुधारतो. मोतीबिंदू लवकर येतो, ऐकू कमी येते. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही तो उत्तर कसा देणार? झोपेत श्वास अडल्याने रात्रीची विश्रांती होत नाही, मग दिवसा डुलक्या आणि चिडचिड. जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, मानेच्या मणक्यांचे ढिलेपण, औषधांचे दुष्परिणाम, सांगता न येणारी दाढदुखी किंवा बद्धकोष्ठ, यांपैकी प्रत्येक गोष्ट स्मृतिभ्रंशाचे सोंग घेऊन येऊ शकते. घसरण किती दिवसांत झाली हेही पाहावे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी सरकतो. आठवड्याभरात मनुष्य ओळखू येईनासा झाला तर कारण बहुधा दुसरे असते, आणि त्यावर उपाय असू शकतो.

आणि शोक. आई वारते. चाळीस वर्षे जिने त्याला अंघोळ-जेवणापासून सांभाळले ती एके दिवशी नाहीशी होते, आणि त्याला दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा एखाद्या संस्थेत नेले जाते. तेथे तो बोलत नाही, जेवत नाही, अंथरुण ओले करतो. हे दुःख आहे की नैराश्य, की आजाराची सुरुवात? सांगणारे कोणी उरलेले नसते. त्याला शर्टाची बटणे लावता येत होती की नाही, हे ज्या एका माणसाला माहीत होते तेच माणूस गेले. आईच्या हातची चार पानांची वही मिळाली, तर डॉक्टरांचे काम निम्मे होते. ती नसेल तर कोणतीही कसोटी अर्धवटच राहते.

नॉर्मन्सफील्डमध्ये अशी वही सांभाळणारी माणसे एकाच घराण्यातील होती, आणि त्या घराण्याच्या नशिबी एक विलक्षण योग होता. डॉ. डाउन यांचे पुत्र रेजिनाल्ड, जे वडिलांनंतर भावाबरोबर संस्था चालवीत होते, त्यांच्या घरी १९०५ मध्ये एक मुलगा जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम होता. आजोबांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. मुलाचे नाव आजोबांचेच ठेवले होते, जॉन. आजोबांनी ज्या मुलांचे वर्णन केले, त्यांच्यापैकीच एक होऊन तो त्याच वास्तूत वाढला. क्षय किंवा हृदयविकार अशा मुलांना बालपणीच उचलून नेत असलेल्या त्या काळात जॉन पासष्ट वर्षे जगला आणि १९७० मध्ये वारला. रेजिनाल्ड यांनी आपल्या वडिलांच्या वंशविषयक सिद्धान्ताशी असहमती पुढे उघडपणे मांडली होती, ही गोष्टही येथे नोंदवावीशी वाटते. मुलगा डोळ्यांसमोर वाढत असताना त्याला परका वंश म्हणणे कोणत्याही बापाला कठीणच.

नॉर्मन्सफील्ड १९५१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत गेले आणि १९९७ मध्ये रुग्णालय म्हणून बंद झाले. नाट्यगृह मात्र अजून उभे आहे. त्याच वास्तूत एक संग्रहालय आहे आणि त्यात पुलेनने केलेली जहाजे ठेवली आहेत. तेथेच ब्रिटनमधील डाउन्स सिंड्रोम असोसिएशनचे कार्यालय असून, वय वाढत चाललेल्या मुलांचे आईबाप आणि भावंडे स्मृतिभ्रंशाविषयी विचारायला तेथे पत्र लिहितात, दूरध्वनी करतात.